जुन्या गाडीचा खरा रंग

विद्यार्थिमित्रहो, इतिहासाची साधने कोणती असे परीक्षेत विचारले म्हणजे आपण ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे यांची नावे लिहून मोकळे होतो. या यादीत एखाद्या जुन्या मोटारीच्या पत्र्यावरील रंगाचा थर घालावा, असे कोणास सुचणार नाही. आम्हांसही ते सुचले नसते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावी एक लहानसा वाद उपस्थित झाला, त्यात इतिहास शिकवितो एवढ्याच कारणावरून आम्हांस पंचाची जागा मिळाली, आणि त्या निमित्ताने या विषयाचा थोडाबहुत अभ्यास करणे भाग पडले. त्या अभ्यासाचे सार वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शेजारच्या वाड्यावरील एका घरी, माडांच्या सावलीतील खोपीत, शेवरोले कंपनीची एक जुनी पिकअप उभी आहे. पिकअप म्हणजे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे माल घालण्यासाठी उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. पोर्तुगीज अमदानीत मुरगावच्या बंदरातून ती आली, असे घरची मंडळी सांगतात. घरातील आजोबांनी तिच्यातून नारळ, सुपारी आणि मिठाची पोती वर्षानुवर्षे वाहिली. आजोबा गेले, गाडीची चाके जमिनीत रुतली, आणि कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला. आता त्यांचा नातू आखातातील नोकरी संपवून परत आला आहे. गाडी पुन्हा उभी करावी, अशी त्याची फार इच्छा. इंजिन दुरुस्त झाले, लाकूडकाम झाले, आणि प्रश्न आला तो रंगाचा.

नातवाने एका चित्रात हस्तिदंती आणि तांबड्या रंगांत नटलेली शेवरोले पिकअप पाहिली होती. तीच रंगसंगती हवी, असा त्याचा आग्रह. आजी मात्र ओसरीवरून शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, गाडी पाचवी आशिल्ली. तांबडी न्हय." पाचवी म्हणजे हिरवी. गॅरेजच्या मेस्ताचे म्हणणे तिसरेच होते: सगळा जुना रंग खरवडून पत्रा उघडा करावा, मग कोणताही रंग मारता येईल. वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता त्याने कामास सुरुवातही केली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा डाव्या बाजूचा दरवाजा आणि डावे मडगार्ड पांढरे फटक झाले होते. आम्ही हात जोडून उरलेले काम थांबविले. त्या थांबविण्याचे महत्त्व पुढे कळून येईल.

आता कोणी विचारील, की रंगासारख्या वरवरच्या गोष्टीत खरेखोटे ते काय? डोळ्यांस आवडेल तो रंग द्यावा. गाडी रोजच्या वापराची असेल तर हे म्हणणे अगदी योग्य आहे. परंतु 'आम्ही जुनी गाडी पूर्ववत केली' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण एक विधान करीत असतो. आणि विधान म्हटले की ते खरे असावे लागते. शिवाय मोटारींच्या बाबतीत रंग ही गोष्ट वाटते तितकी वरवरची नाही. कोणत्या साली कोणता रंग निघू शकला, याच्या मागे रसायनशास्त्र, व्यापार आणि युद्धे यांचा इतिहास उभा आहे.

फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडी १९०८ साली निघाली. आरंभीच्या वर्षांत ती हिरव्या, तांबड्या, करड्या अशा रंगांत मिळत असे. पुढे १९१४ पासून १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगात निघाली. त्या काळचे रंग तेल आणि व्हार्निश यांचे असत. त्यांचे अनेक हात द्यावे लागत आणि प्रत्येक हात वाळण्यास दिवस जात. भट्टीत भाजता येणारा डांबरी जातीचा काळा रंग त्या मानाने स्वस्त, टिकाऊ आणि लवकर सुकणारा होता. दररोज हजारो गाड्या बाहेर काढणाऱ्या कारखान्यास हेच सोयीचे होते. कारखान्यातून तयार होऊन निघालेली फोर्डची पहिली पिकअप १९२५ च्या एप्रिल महिन्यात बाजारात आली. तिची किंमत २८१ डॉलर होती आणि रंग अर्थातच काळा. अशी गाडी कोणी आज पोपटी रंगात रंगविली, तर ती सुंदर दिसेल, पण तिच्या काळाविषयी ती खोटे बोलेल.

याच सुमारास रंगांच्या दुनियेत क्रांती झाली. ड्यू पाँ या अमेरिकन रासायनिक कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून 'ड्यूको' नावाचा लॅकर तयार केला. तो फवाऱ्याने मारता येई आणि पाहता पाहता सुके. १९२४ च्या हंगामासाठी जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड नावाच्या गाडीवर तो प्रथम वापरला आणि त्या निळ्या रंगाला 'ट्रू ब्ल्यू' असे नाव दिले. ज्या कामास पूर्वी आठवडे लागत, ते आता फार थोड्या वेळात होऊ लागले. आणि काळ्या रंगाची सक्ती संपली. १९२६ साली फोर्डनेही पुन्हा रंगीत गाड्या काढल्या. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांचे रूप आणि रंग ठरविण्यासाठी एक स्वतंत्र विभागच उघडला. तेव्हापासून दरवर्षी रंगांचा नवा तक्ता काढण्याची प्रथा रुळली. आणि म्हणूनच आज आपणांस एखाद्या सालचा रंग आणि दुसऱ्या सालचा रंग यांत भेद करता येतो.

यावरून पहिला नियम निघतो. रंग शोधण्यापूर्वी गाडीचे साल निश्चित केले पाहिजे. घरची मंडळी १९५१ म्हणत होती. परंतु घरची आठवण हा पुरावा मानण्यापूर्वी तो पारखून घ्यावा लागतो. शेवरोलेने महायुद्धानंतर १९४७ च्या जून महिन्यात नव्या बांधणीच्या मालमोटारी बाजारात आणल्या आणि तीच बांधणी, लहानमोठे फरक करीत, १९५५ च्या आरंभापर्यंत चालू ठेवली. हे लहानमोठे फरकच आपले खरे मार्गदर्शक होत. १९४९ साली पेट्रोलची टाकी बाहेरून केबिनच्या आत, बैठकीच्या पाठीमागे आली. १९५१ साली दरवाजांच्या काचांना वारा घेण्यासाठी फिरणारी लहान तिकोनी तावदाने बसली. १९५२ साली दरवाजांच्या फिरवावयाच्या मुठी जाऊन तेथे दाबावयाच्या बटणाच्या मुठी आल्या. आमच्या समोरील गाडीस टाकी केबिनमध्ये होती, तिकोनी तावदाने होती, आणि मुठी मात्र फिरवावयाच्या होत्या. म्हणजे गाडी १९५१ चीच. घरच्यांची आठवण या कसोटीस उतरली, याचे आम्हांस समाधान वाटले.

साल निश्चित होताच नातवाच्या चित्रातील गाडीचाही उलगडा झाला. ती शेवरोलेची 'कॅमिओ कॅरियर' होय. १९५५ च्या मार्चमध्ये शेवरोलेने अगदी नव्या घडणीच्या मालमोटारी काढल्या, आणि त्यांत ही मोठी ऐटदार पिकअप होती. तिच्या हौद्याच्या बाहेरील बाजू काचतंतूंच्या पत्र्याने झाकून गुळगुळीत केलेल्या होत्या. पहिल्या वर्षी ती एकाच रंगसंगतीत मिळे: हस्तिदंती अंगावर तांबडी सजावट. आणि गंमत अशी, की त्या हस्तिदंती रंगाचे कारखान्याने ठेवलेले नाव होते 'बॉम्बे आयव्हरी', म्हणजे मुंबईचा हस्तिदंत! दूर अमेरिकेतील एका मालमोटारीच्या अंगावर आपल्या मुंबईचे नाव असावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले, आणि क्षणभर आमचेही मन नातवाच्या बाजूस झुकले. परंतु १९५१ च्या गाडीला १९५५ चा साज चढविणे म्हणजे शिवकालीन नाटकातील मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखे आहे. घड्याळ कितीही मोलाचे असले तरी ते तेथे शोभत नाही.

दुसरे साधन म्हणजे कारखान्याचा तक्ता. त्या काळी रंग बनविणाऱ्या कंपन्या, उदाहरणार्थ ड्यू पाँ किंवा डिट्झलर, गॅरेजवाल्यांसाठी दरवर्षी रंगांच्या लहान लहान तुकड्यांचे तक्ते छापीत. अपघात झालेल्या गाडीला नवे मडगार्ड बसविले तर त्याचा रंग उरलेल्या गाडीशी जुळावा, हा त्यांचा उद्देश. आज तेच तक्ते संशोधकांच्या उपयोगी पडतात. त्यांवरून असे दिसते, की या काळातील शेवरोले मालमोटारींचा नेहमीचा रंग 'फॉरेस्टर ग्रीन' नावाचा गडद हिरवा असे. ज्यास दुसरा रंग हवा असेल त्यास 'स्विफ्ट्स रेड' हा तांबडा, 'आर्मर यलो' हा पिवळा, 'ओमाहा ऑरेंज' हा नारिंगी, 'केप मरून' हा काळपट तांबडा अशांतून निवड करता येई. मालमोटार हे कामाचे वाहन. दुकानदार, कारखानदार, नगरपालिका हे तिचे गिऱ्हाईक. तेव्हा दुरून ओळखू येणारे ठळक रंग तक्त्यात असणे स्वाभाविक होते. परंतु ज्याने काही सांगितले नाही, त्यास हिरवी गाडी मिळे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. तक्ता हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि त्यांचे सुकाणू डावीकडे असते. आपल्याकडील गाडीचे सुकाणू उजवीकडे. म्हणजे ती परदेशासाठी मुद्दाम बनविलेली. अशा पुष्कळ शेवरोले गाड्या कॅनडातील ओशावा येथील कारखान्यातून निघत. याशिवाय, जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. सुटे भाग आणून येथेच जोडलेल्या गाडीला अमेरिकेच्या तक्त्यातीलच रंग लागला असेल, असे डोळे मिटून गृहीत धरता येत नाही. शिवाय मोठ्या गिऱ्हाइकांस हवा तो खास रंगही मिळू शके. म्हणून तक्त्याच्या साक्षीस गाडीच्या स्वतःच्या अंगाची साक्ष जोडलीच पाहिजे.

ही तिसरी साक्ष सर्वांत महत्त्वाची. पुढच्या काळातील अनेक गाड्यांवर एक पट्टी असते आणि तीत रंगाचा सांकेतिक आकडा कोरलेला असतो. परंतु या शेवरोले पिकअपच्या पट्टीत तसा आकडा नाही. तेव्हा रंग प्रत्यक्ष शोधावा लागतो. तो शोधावा कोठे? जेथे ऊन, पाऊस आणि पुढच्या रंगाऱ्यांचा फवारा पोहोचला नाही तेथे. डॅशबोर्डातील सामानाच्या कप्प्यामागे, दरवाजाच्या रबरी पट्टीखाली, कंपनीच्या नावाच्या अक्षरांमागे, हौद्याच्या फाळक्याच्या बिजागरीखाली, आणि आमच्या गाडीपुरते बोलावयाचे तर पेट्रोलच्या टाकीमागे. बॉनेटखालील रंग मात्र विश्वासाचा नव्हे; इंजिनच्या उष्णतेने तो काळवंडतो.

उघड्या भागावरील रंगाचे थर वाचण्याची एक सोपी रीत आहे. अत्यंत बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, रुपयाएवढ्या जागेत, गोलाकार हळूहळू घासावे. मध्यभागी पत्रा दिसू लागतो आणि त्याभोवती एकेका थराचे कडे उमटते, कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी. सर्वांत आतले कडे अस्तराचे, म्हणजे प्रायमरचे. त्याला लागून जो रंग तो कारखान्याचा असण्याचा संभव अधिक. त्यानंतर पुन्हा प्रायमर किंवा लांबी दिसली, अथवा दोन थरांमध्ये धुळीची बारीक रेघ दिसली, तर तेथून पुढचा रंग नंतरचा समजावा. एकाच जागेवर विसंबू नये; निदान चार-पाच ठिकाणी हा प्रयोग करावा. एखादा दरवाजा किंवा मडगार्ड दुसऱ्या गाडीचे काढून बसविलेले असते, आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने खोटी साक्ष देते.

आम्ही असे पाच ठिकाणी पाहिले. सर्वांत वर विटका निळा, त्याखाली तपकिरी, त्याखाली फिका, पोपटीकडे झुकणारा हिरवा, आणि सर्वांत आत, प्रायमरला बिलगून, गडद वनासारखा हिरवा. टाकीमागे तर या गडद हिरव्याशिवाय दुसरा रंगच नव्हता. तक्त्याची साक्ष आणि गाडीची साक्ष जुळली. कारखान्याचा रंग 'फॉरेस्टर ग्रीन'च.

आम्ही हा तुकडा मोठ्या विजयी मुद्रेने आजींस दाखविला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि मान हलविली. "होय, पाचवी, पूण ही न्हय." आम्ही मग त्यांस तो दुसरा, फिका हिरवा दाखविला. त्या म्हणाल्या, हाच तो. लग्न होऊन त्या या घरी आल्या, त्या वर्षी आजोबांनी स्वतःच्या हाताने, ब्रशने, गाडी नव्याने रंगविली होती. त्यापूर्वीची गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती.

हा प्रसंग आम्हांस पुष्कळ शिकवून गेला. आठवण खोटी नव्हती. फक्त तिचे साल निराळे होते. शिवाय 'पाचवी' हा शब्द पाचूपासून शेवाळापर्यंत कितीतरी छटांना पुरतो. मन रंगाचे नाव जपून ठेवते, छटा नाही. म्हणून आठवणीचा अनादर करू नये आणि तिच्यावर रंगाचा डबाही विकत घेऊ नये. तिला शोधाची वाट दाखविणारी समजावे.

चौथी अडचण अशी, की सापडलेला रंगही जसाच्या तसा उरलेला नसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगातील बांधणारे द्रव्य फोडतात. मग वरची पूड सुटून रंग पांढुरका दिसतो. तांबड्या रंगांपैकी काही लवकर विटतात. नायट्रोसेल्युलोजचे लॅकर कालांतराने पिवळसर पडते. इतकेच काय, जुन्या तक्त्यांतील तुकडेही वयोमानाने बदललेले असतात. म्हणून झाकलेल्या जागेचा तुकडा घ्यावा, त्यावरील मळ हलक्या हाताने काढून त्यास थोडी चकाकी आणावी, आणि मगच तुलना करावी. तुलना भर दुपारच्या उजेडात करावी व पुन्हा घरातील दिव्याखाली करावी. कारण निरनिराळ्या रंगद्रव्यांनी बनविलेल्या दोन छटा उन्हात एकसारख्या दिसूनही दिव्याखाली वेगळ्या पडतात. मोबाईलच्या पडद्यावरील छायाचित्रावरून तर रंग कधीही ठरवू नये. दोन पडदे एकच हिरवा दोन तऱ्हांनी दाखवितात. आज मोठ्या शहरांतील रंगाच्या दुकानांत तुकड्यावरून रंग मोजणारे यंत्र असते. त्याचा उपयोग जरूर करावा, पण शेवटचा निर्णय पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून, सुकवून, डोळ्यांनीच घ्यावा.

रंगाच्या छटेइतकीच त्याची झळाळीही महत्त्वाची. आजकाल गाडीला रंगावर पारदर्शक थराचा हात देतात, त्यामुळे ती ओल्या आरशासारखी चमकते. १९५१ च्या मालमोटारीला असा थर नव्हता. तिची चमक बेताची आणि मऊ असे. त्याचप्रमाणे हौद्यातील लाकडाला पॉलिश करून, मध्ये चकचकीत पोलादी पट्ट्या बसविण्याची हौस ही अलीकडील प्रदर्शनांची आहे. कामाच्या गाडीचे लाकूड पोती आणि पिंपे झेलण्यासाठी असे. आणखी एक गोष्ट. १९५० ते १९५३ या काळात कोरियाचे युद्ध चालू असता अमेरिकेत निकेल आणि क्रोम यांच्या वापरावर बंधने आली. त्यामुळे एरवी मुलामा दिलेले काही भाग मालमोटारींवर नुसते रंगवून येऊ लागले. तेव्हा १९५१ च्या गाडीवर रंगविलेला भाग दिसला, तर तो दारिद्र्याचा किंवा आळसाचा नसून जगाच्या इतिहासाचा डाग आहे, हे ओळखून तो ठेवावा.

आता आरोग्याविषयी दोन शब्द, आणि हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. जुन्या रंगांत शिसे असते. पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या रंगांत शिशाचे क्रोमेट वापरण्याची चाल होती. असा रंग कोरडा घासला तर त्याची पूड श्वासावाटे शरीरात जाते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूस फार अपाय करते. म्हणून घासणे ते ओले करूनच, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी लावून, मुलांना आणि कोंबड्यांना दूर ठेवून करावे. खाली पडलेला गाळ विहिरीपासून दूर, गोळा करून ठेवावा. आजचे दोन डब्यांतून मिसळून मारण्याचे रंगही निरुपद्रवी नाहीत; त्यांतील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. साधा रुमाल तोंडास बांधून हे काम करणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. कोणत्याही जुन्या गाडीचे मोल त्यांच्या फुप्फुसांहून अधिक नाही.

एवढे सर्व झाल्यावरही मूळ प्रश्न उरलाच. रंग खरा कोणता? कारखान्याचा गडद हिरवा, की आजोबांचा फिका हिरवा? अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेला जुन्या मोटारींचा एक मोठा संघ आहे; त्याच्या स्पर्धांत गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी, हा दंडक असतो. उलट २०१२ साली ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिन येथे एक सनद संमत केली. तिचा रोख असा, की वाहनाच्या आयुष्यात जे घडले तेही त्याच्या इतिहासाचा भाग असून ते जपावे आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे ती एकच गोष्ट: एक करून दुसरे केल्याचे सांगणे.

निर्णय होण्यापूर्वी उजव्या दरवाजाचा वरचा निळा थर आम्ही ओल्या पॉलिशपेपरने, दोन दिवस खपून, हळूहळू उतरविला. तपकिरी थर गेला आणि फिक्या हिरव्यावर अक्षरांच्या पुसट कडा दिसू लागल्या. आजोबांचे नाव, त्याखाली गावाचे नाव, आणि त्याखाली 'नारळ व सुपारी'. अक्षरे कोण्या रंगाऱ्याची नव्हती. ओळ वर चढत गेली होती आणि शेवटचे अक्षर कसेबसे कडेला बसविले होते. नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग तो डाव्या दरवाजाकडे गेला. तेथेही अशीच अक्षरे असणार. पण तो पत्रा आता कोरा, पांढरा होता. मेस्त जवळच उभा होता. त्याने हातातील खरवडणी खाली ठेवली आणि म्हणाला, "म्हाका कोणे सांगलेंच ना." त्याचे म्हणणे खरे होते. त्यास कोणी सांगितले नव्हते, कारण आम्हां कोणासच ते ठाऊक नव्हते.

शेवटी घरच्या मंडळींनी असे ठरविले: गाडीला कारखान्याचा गडद हिरवा रंग द्यावा, पण उजव्या दरवाजाचा बाहेरील पत्रा आहे तसा, फिका हिरवा आणि अक्षरांसह, मेण लावून राखावा. स्पर्धेत अशा गाडीस बक्षीस मिळणार नाही, हे नातवास ठाऊक आहे. कोणता थर कोठे सापडला, कोणत्या क्रमाने, आणि नवा रंग कोणत्या प्रमाणात मिसळला, हे सारे एका वहीत लिहून ती वही गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे. रंगाचे मूळ तुकडे एका पाकिटात घालून तेही तेथेच ठेवले. पन्नास वर्षांनी कोणी हा रंग खरवडावयास घेतला, तर त्यास सांगणारे काहीतरी असेल.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी बहुतेकांच्या घरी जुनी मोटार नसेल; पण जुना पेटारा, देव्हारा, पाळणा, दाराची चौकट असे काही ना काही असेलच. चतुर्थीपूर्वी घर रंगविताना त्यावरही एक हात फिरविण्याचा मोह होतो. तो हात फिरविण्यापूर्वी कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या कागदाने घासून पाहावी, आणि घरात जे कोणी वडीलधारे असतील त्यांस विचारावे. त्यांचे उत्तर कदाचित निराळ्या सालचे असेल, तरीही विचारावे. आमच्या शेजारी आजी आता रोज सायंकाळी खोपीपर्यंत चालत जातात, आणि परत येताना उजव्या बाजूने येतात.